चिंगीचा अडलेला श्वास

“क्रॉनिक रेस्पिरेटरी डिसीज,” डॉक्टर म्हणाले. म्हणजे श्वसनमार्गाचा जुनाट, चिवट आजार. हे निदान त्यांनी टोपलीचं झाकण न उघडताच केलं.

इरा, अर्णव, तुम्ही व्हिडिओ कॉलवर जिला हाका मारता ती आपली कोंबडी चिंगी त्या टोपलीत चोच उघडी ठेवून श्वास घेत होती. प्रत्येक श्वासाला घरघर. डावा डोळा सुजून मिटलेला. लक्षणं कधी दिसली, खाणं किती, हे सगळं मी क्रमानं कागदावर लिहून नेलं होतं. डॉक्टरांनी तो कागद न वाचताच बाजूला सारला.

“एका कोंबडीला कुठं औषध देत बसता, आजी? मरायच्या आत कापून खा.”

“आजारी आहे म्हणून आणलीय, जेवायला नाही,” मी म्हणाले. ते हसले. जनावरांच्या दवाखान्यात जनावराला हातही लावत नाहीत, हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं.

घरी आले तर शेजारचे बापू कुंपणावरून डोकावले. “मानमोडी हाय काकू. रस्सा टाका, भाकरी मी घिऊन येतो.” मानमोडी म्हणजे कोंबड्यांची साथ.

“बापू, तुम्हाला खोकला झाला तर वहिनींना मी हेच सांगू का?”

“आवं, मी लय जून हाय. शिजायचा न्हाई!”

मला हसू आलं नाही. चिंगीनं दोन दिवस दाणा टिपला नव्हता.

तिसऱ्या दिवशी टोपली मांडीवर घेऊन मी एसटीनं साताऱ्याला गेले. तिथल्या डॉक्टरबाईंनी चिंगीला काखेत धरलं, चोच वर केली आणि बॅटरीच्या उजेडात नाकपुड्या पाहिल्या.

“ही खुडूक झाली होती का?”

“हो.”

“मग नाकात पीस कोणी घातलं?”

तुम्हाला हे ठाऊक नसेल. खुडूक कोंबडी अंडी देणं थांबवते आणि उबवायला बसून राहते. तिनं उठावं म्हणून आमच्याकडे तिच्याच पंखाचं पीस नाकपुड्यांतून आरपार ओवतात. आमच्याकडे कामाला येणारी शेवंता म्हणाली होती, “त्यात काय हाय बाई, आमी समद्यांना घालतो.” पीस तिनं ओवलं. पाय मी धरले होते.

चार दिवसांनी पीस काढताना ते मोडलं होतं आणि त्याचं टोक आमच्या नकळत आत राहिलं होतं. “सायनुसायटिस,” डॉक्टरबाई म्हणाल्या. नाकाशेजारच्या पोकळीत पू झाला होता. त्यांनी चिमट्यानं तुकडा काढला, सलाईननं नाक धुतलं, पाण्यातून द्यायचं औषध लिहून दिलं आणि बजावलं, “चमच्यानं घशात काही ओतू नका. श्वासनळीत जाईल.”

पहिल्या डॉक्टरांवरचा माझा राग आजही कमी झालेला नाही. पण परतीच्या वाटेवर त्याहून मोठा राग माझाच आला. मी इंग्रजी शिकलेली, घरातली प्रत्येक गोष्ट जागच्या जागी ठेवणारी. चिंगी नुसती बसून राहते, हे मला बेशिस्त वाटलं. एवढ्यासाठी मी एका जिवाच्या नाकाला भोक पाडू दिलं.

पाचव्या दिवशी चिंगीची चोच मिटली. आठव्या दिवशी डोळा उघडला आणि तिनं भाकरीचा चुरा टिपला.

शेवंताला सगळं सांगितलं. ती मग म्हणाली, “माज्या आईनं घातलं, मी घातलं. कोंबडी बोलत न्हाई न्हवं, बाई.”

कोणाच्या घरी कोंबडी अशी चोच उघडून धापा टाकत असेल, तर आधी नाकपुड्या बघा. आणि डॉक्टरांना टोपली उघडायला लावल्याशिवाय तिथून हलू नका.

गेल्या आठवड्यात चिंगी पुन्हा खुडूक झाली. शेवंता आपल्या घरची पाच अंडी पदरात घेऊन आली आणि एकेक करून तिच्या पोटाखाली सरकवू लागली. चिंगीनं पिसं फुलवून तिच्या मनगटावर चोच मारली.

“टोचती व्हय?” शेवंता म्हणाली. “टोच, टोच.” आणि हात तिनं तसाच ठेवला.