डावा आरसा दिसेल असा पडदा

रस्ता ज्याच्या अंगात भिनला, त्याला घराच्या चार भिंती पुराव्यात कशा? या माणसाने उभे आयुष्य ट्रकच्या स्टिअरिंगमागे काढले होते. सगळे त्याला उस्ताद म्हणत. ही पदवी माल चढवणाऱ्या हमालांनी दिली, पेट्रोल पंपावरच्या पोरांनी पक्की केली, आणि शेवटी त्याच्या सासुरवाडीतही तीच रूढ झाली. त्याने ट्रक चालवला, असे म्हणणे अपुरे आहे. त्याने तो सांभाळला, जोजवला; चढावर त्याची समजूत काढली, उतारावर त्याला धाक घातला. देवाचे नाव घ्यायला उस्तादने कधी वेगळी वेळ काढली नाही. गिअर बदलताना त्याचे ओठ हलत, तेवढे देवाला पोचत असावे.

मग मान गेली. मणके झिजले, शस्त्रक्रिया झाली, झिजलेले मणके कायमचे एकमेकांना जोडले गेले. हात वाचले, पाय वाचले. मान मात्र खांबासारखी ताठ झाली. कोणी हाक मारली तर आता सगळे शरीर वळवावे लागे. डॉक्टर म्हणाले, "ट्रक विसरा." ट्रक त्याने सोडला, पण विसरणे हे काय डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे औषध आहे? तो खिडकीकडे पाठ करून बसू लागला. रस्त्यावरून जड वाहन गेले की काचा थरथरत, आणि नुसत्या आवाजावरून तो पुटपुटे, "क्लच जाळतोय गाढव." दिवसभरात त्याचे बोलणे एवढेच.

त्याची मुलगी इमारतींचे नकाशे काढण्याचे काम करी. तिला दुसऱ्या शहरात चांगली नोकरी लागली होती, जाण्याचा दिवस जवळ आला होता, आणि भिंतीकडे तोंड करून बसलेल्या बापाला असेच सोडून जायचे, हे तिला पटत नव्हते. तिला संगणकावर खेळायची आवड. त्यात ट्रक चालवण्याचा एक गेम होता. दोन माणसे दोन शहरांत बसून एकाच रस्त्यावर आपापला ट्रक हाकू शकत.

"बाबा, मी तिकडे बसेन, तुम्ही इकडे. संध्याकाळी एक फेरी. जमेल की."

तिच्या आग्रहाखातर उस्ताद एकदा बसला. पण तिचा जुना मॉनिटर अरुंद. त्याच्या चौकटीत समोरचा रस्ता मावे, ट्रकचे आरसे मावत नसत.

"आरसे कुठायत?" त्याने विचारले.

"हे बटण दाबलं की दिसतात."

तिने बटण दाबले आणि सगळे दृश्य गर्रकन बाजूला फिरले. उस्तादने टेबलाची कड धरली. "माझी मान फिरत नाही, आणि हा माझं डोकं फिरवतोय. आरसा न बघता मी गाडी जन्मात हलवली नाही, पोरी. राहू दे."

पण तिने राहू दिले नाही. ज्या पडद्यावर दोन्ही आरसे एकाच वेळी दिसतील असा रुंद मॉनिटर घ्यायचा, तो स्वतः बाबांनीच निवडायचा, असा तिने हट्ट धरला. तिघेही दुकानात आले: उस्ताद, मुलगी, आणि पिशवी मांडीवर घेऊन प्रिंटरच्या खोक्यांजवळच्या स्टुलावर टेकलेली उस्तादची पत्नी.

दुकानात भिंतभर पडदे उजळले होते. दुकानदार चष्मा कपाळावर चढवून सांगू लागला, "हा रिफ्रेश रेटला उत्तम. चित्र अजिबात अडखळणार नाही. हा सपाट, हा कर्व्ह, म्हणजे कडा तुमच्याकडे वळलेल्या. आणि हा आमचा सगळ्यात रुंद."

तो सगळ्यात रुंद पडदा खरोखर आडव्या दारासारखा होता. मुलीच्या डोळ्यांत तोच भरला. बापाला द्यायचे तर सगळ्यात मोठे द्यावे. प्रेमाला दुसरे माप कुठे ठाऊक असते?

"आपल्या संगणकातलं चित्र उमटवणारं ग्राफिक्स कार्ड याच्यापुढे धाप टाकेल," ती म्हणाली, "पण ते मी बदलेन. बाबा, बसा."

दुकानदाराने तोच गेम लावून दिला, स्टिअरिंगचे खेळण्यातले चाक पुढे सरकवले. उस्तादने खुर्ची ओढून घेतली, बैठक जमवली आणि ट्रक सुरू केला. क्षणभर त्याच्या खांद्यांत जुने बळ आल्यासारखे वाटले. उजव्या आरशात मागचा रस्ता लख्ख दिसत होता. मग गोदामाच्या दारात ट्रक मागे घ्यायची वेळ आली. त्याने डावीकडे पाहिले. डोळे जाता जाईनात. त्याने मान ओढली, ती हटेना. खांदा फिरवला, कंबर फिरवली. तोवर ट्रकची मागची बाजू खांबावर जाऊन आदळली.

दुकानदाराने दुसरा पडदा लावला. तिथेही तेच. तिसरा लावला, कडा वळलेला. तिथेही डावा आरसा नजरेच्या टप्प्यात येईना.

उस्ताद उठला. "चला घरी."

"आवडला नाही का एकही?"

"पडदे झकास आहेत, पोरी. ड्रायव्हरच मोडीत निघालाय."

हे तो हसून म्हणाला, आणि म्हणूनच ते तिला जास्त लागले. तिने पर्स उघडली, बंद केली. तेवढ्यात स्टुलावरून पत्नीचा आवाज आला.

"अहो, पण तुम्ही तिकडं कडेला का बसताय मघापासून?"

"कुठं कडेला?"

"उजव्या कडेला. तीन पडदे झाले, तिन्ही वेळेला खुर्ची उजवीकडेच ओढलीत. मधली जागा मोकळी ठेवलीत. मला वाटलं, माझ्यासाठी ठेवलीय."

सगळ्यांनी खुर्चीकडे पाहिले. खरेच, ती पडद्याच्या अगदी उजव्या टोकासमोर होती. चित्रातले स्टिअरिंग मधोमध, आणि उस्ताद त्याच्यापासून हातभर लांब. मुलीला वाटले होते, आपल्याला पाहता यावे म्हणून बाबा सरकून बसतात. दुकानदाराला वाटले होते, गिऱ्हाइकाची आवड.

उस्ताद मात्र चकित होऊन बायकोकडेच पाहत राहिला. "मग ड्रायव्हर बसतो कुठं? उजवीकडंच ना?"

"बाबा, हा अख्खा पडदा तुमच्या डोळ्यांसमोरचा," मुलगी म्हणाली. "तुम्ही चित्रात आधीच उजवीकडे बसलेले आहात. खुर्ची मध्ये घ्या."

"मध्ये? मध्ये इंजिन असतं. इंजिनावर बसू?"

"बसा," पत्नी म्हणाली. "गार आहे ते."

दुकानदाराला हसू आवरेना. उस्तादही हसला, पण खुर्ची मध्ये सरकवताना त्याचे हात अवघडले. इतक्या वर्षांची बसायची जागा सोडणे म्हणजे काय, ते त्याचे त्यालाच ठाऊक. तो बसला. समोर तोच कडा वळलेला पडदा होता. त्याने मान हलवली नाही, नुसते डोळे डावीकडे नेले. आणि आरसा तिथे होता! देवाने मान बांधून टाकली होती, पण डोळे मोकळे सोडले होते, आणि आजवर हे त्याच्या ध्यानात आले नव्हते. डोळे डावीकडे, डोळे उजवीकडे. ओठ हलू लागले. ट्रक सरळ रेषेत मागे जाऊन गोदामाच्या दारात अलगद टेकला.

मुलीने सगळ्यात रुंद पडद्याकडे बोट दाखवले. "आता त्याच्यासमोर मध्ये बसून बघा."

त्याने बसून पाहिले. थोड्या वेळाने म्हणाला, "यात आरसे फार लांब गेले. डोळे ताणावे लागतात. तो मघाचा, कडा वळलेला, तोच दे."

"साहेब, या रुंद पडद्यावर सिनेमा काय झकास दिसतो!" दुकानदार म्हणाला.

"मला सिनेमा बघायचा नाही. मागे कोण आहे ते बघायचंय."

मुलगी नव्या शहरी गेली, त्या आठवड्याच्या अखेरीस पहिली फेरी ठरली. मॉनिटर टेबलावर होता, खुर्ची बरोबर मध्ये होती. त्याने खिडकी उघडी ठेवली होती. खालून गाड्या जात होत्या, पण आज त्याला कोणाचा क्लच ऐकू आला नाही. हेडफोनमध्ये लेकीचा आवाज आला, "बाबा, मी तुमच्या मागे आहे. दिसतेय का?"

उस्तादने डोळे डावीकडे नेले. आरशात तिचा निळा ट्रक वळणावरून येत होता, वळणाचा दिवा एकसारखा उघडझाप करत.

"दिसतेस," तो म्हणाला. "वळण संपलं तुझं. इंडिकेटर बंद कर आधी."