कोरफडीचा गिलास अन् मारोतीचं तोंड

लावता काय पैज? ह्या गोष्टीचा शेवट आत्ताच सांगून दाखवा! एक पोट्टा हाये, एक पोट्टी हाये, पोट्टीचा बाप हाये, अन् कोरफडीच्या रसाचा एक गिलास हाये. शेवटी एकाले त्या गिलासाची किंमत मोजा लागली, अन् तो अजूनही मोजूनच राह्यला हाये. कोन, ते मनात ठरवून घ्या. नाई तं मंग म्हनसान, "मले तं पयलेच माहीत व्हतं, डोमाजी भाऊ!" तसं चालनार नाई.

धानाच्या मिलमधी काम केलं का अंगाले कोंडा चिकटते. घरी जा, घासा, आंघोळ करा, तरी कानातून थोडासा निंगतेच. किस्स्यायचं बी तसंच हाये. वडशाच्या मिलमधी पोते वाहून वाहून माही पाठ वाकली, पन कान झटकला का अजून एखादा किस्सा खाली पडते.

तवा गडचिरोली जिल्हा नवा नवा झाला व्हता. मिलमधी आमची चौघाची बैठक. भिवा मुकादम, बॉयलरवरचा शामराव, पोते वाहनारा मारोती, अन् मी. मारोतीचं अंग बैलाचं अन् तोंड लहान लेकराचं. मनात जे असन ते तोंडावर! पत्ते खेळाले बसला का आमी आपले पत्ते पाहतच नव्हतो, मारोतीचं तोंड पाहत व्हतो.

अन् त्या साली त्याच्या तोंडावर एकच नाव व्हतं. शेवंता! मुकादमाची पोरगी. बापाचा डबा घेऊन ती मिलच्या फाटकात आली का मारोती पोतं पाठीवर घेऊन तसाच उभा राहे. उतरवाचं भान नाई! आख्ख्या मिलनं ते तोंड वाचलं. मी दुसरीतून पळालेला मानूस, मीबी वाचलं. फक्त मुकादमाले दिसलं नाई.

*

मुकादमाचं पोट तीन तीन दिवस साफ व्हत नव्हतं, अन् त्याचा राग निंगे आमच्यावर. बाजारात एका वैदूनं सांगतलं, कोरफडीचा रस प्या, सकाळी, उपाशीपोटी. झालं!

"डोमाजी, नाल्यावरून कोरफड आन."

मी गेलो. कोरफड व्हती, पन बाजूले घायपात बी व्हता. तसाच जाड पाला, तसेच काटे. मले राह्यवलं नाई. घायपाताचे दोन लंबे लंबे पानं तोडले अन् शेवंताच्या हाती देल्ले.

तिनं नखानं जरासं सोलून पाहिलं, मंग माह्याकडं पाहिलं.

"काका, याचा तं दोर वळते. बाबाले पाजाचं हाये का बांधाचं हाये?"

आतून मुकादम वरडला, "कोनाले बांधून राह्यली व?"

तवाच मी समजलो, ही पोट्टी माह्या वरची हाये.

*

दुसऱ्या दिवशी असली कोरफड आनली. शेवंतानं कापली, पाट्यावर वाटली, पानी टाकून गाळली. मुकादम म्हने, "एकटा कायले पिऊ? सगळेच प्या." मुकादम पाजते म्हनल्यावर नाई कोन म्हनन? चौघंबी घटाघटा पेलो.

पन कोरफड कापली का तिच्यातून पिवळा चीक निंगते. तो पयले निथळू द्या लागते. हे तवा कोनालेच माहीत नव्हतं!

नऊ वाजता मारोतीनं पोतं खाली टाकलं अन् नाल्याकडं पळाला. मांगून मी. मांगून शामराव, बॉयलर तसाच सोडून! सगळ्यायच्या मांगं मुकादम, एका हातात लोटा अन् एका हातात धोतर.

तेवढ्यात सेठ आला. मिल खाली! पट्टा फिरून राह्यला अन् मानूस एक नाई. सेठ नाल्याकडं पाहून वरडला, "काय बे, संप केला का?"

झुडपामांगून शामराव म्हनते, "संप नाई सेठ! काम जोरात चालू हाये!"

*

शेवंता मंग खूप वरमली. पन हार मानली नाई. कोनाकोनाले विचारलं, करून पाहिलं, अन् रीत बसवली. पान कापाचं अन् गंजात, म्हंजे पातेल्यात, उभं करून ठेवाचं. पिवळा चीक सगळा खाली उतरू द्याचा. मंग धुवाचं, काटे काढाचे, साल सोलाची, आतला पांढरा गर तेवढा घ्याचा. पुन्हा धुवाचा. मंग ताकात घोटाचा, जिरं अन् सैंधव टाकाचं. पोट बराबर साफ व्हये, नाल्याकडं पळा लागे नाई. पन कडूपना काई पुरा जात नव्हता.

मुकादमाले ते असं मानवलं का त्यानं मिलच्या कंपाउंडनं कोरफडच कोरफड लावली. अन् नियम काढला. जो उशिरा येईन त्याले मोठा गिलास!

आठवड्यात आख्खी मिल टायमावर. सेठ खूश. म्हने, "मुकादम, काय जादू केली?"

शामराव म्हने, "सेठ, तुमी पन एक दिवस उशिरा या नं!"

एकटा मारोतीच रोज उशिरा येत व्हता. काऊन का गिलास शेवंता देत व्हती! मोठा गिलास घे, एक घोट पे, अन् असं तोंड करे का बाजूच्या कोंबड्या भिऊन उडत. डोळे बारीक, नाक वर, ओठ कानापाशी. शेवंता पदर तोंडाले लावून हासे. तो तिचं हासू पाहे अन् दुसरा घोट घे.

*

मंग मुकादमानं पोरीसाठी पोरगं पाहाले सुरू केलं. अन् इथी शेवंतानं आपली अट टाकली.

"बाबा, गोड पाजलं तं सगळेच हासतात. मी कोरफड पाजून पाहीन. जो तोंड वाकडं करन तो मले नोको."

मुकादमाले ते एकदम पटलं. म्हने, "बराबर हाये! जो माह्या औषधाले तोंड वाकडं करन, तो माह्या म्हातारपनाले बी करन."

पयला पोरगा आला कुरखेड्याचा. हापिसात कारकून, खिशाले दोन पेन. पोहे खाल्ले, चिवडा खाल्ला. मंग शेवंता गिलास घेऊन आली. त्यानं वास घेतला अन् गिलास हळूच खाली ठेवला.

"माफ करा, आज माहा उपास हाये."

शेवंता म्हने, "मंग तीन पलेटा पोहे कोन खाल्ले?"

*

दुसरा आला कोरपन्याकडचा. सिमेटच्या कारखान्यात नोकरी, पक्की. संग मामा, मिशीवाला. पोरगा लाजरा. गिलास हातात घेतला, अन् हात असा थरथर कापाले लागला का अर्धा रस शेवंताच्या लुगड्यावर.

मामा म्हने, "आन इकडं! भाच्याच्या वाट्याचं मामा पेते. आमच्या घरी असंच चालते." अन् गटागटा पेला गडी! तोंड बी वाकडं केलं नाई. मिशी पुसली, वर म्हने, "झालं? बोला आता लगनाचं."

शेवंता बापाले म्हने, "बाबा, विचारा बरं, मामाचं लगन झालं हाये का?"

मामा ओट्यावरून उतरला तं चप्पल बी उलटी घालून गेला. आमी तं हासून हासून लोटपोट झालो. मी सगळ्यात जास्त. मारोती मात्र हासला नाई. तो ओट्याच्या कोपऱ्यात बसून व्हता, अन् त्याचं तोंड पडलं व्हतं. आज हा गेला, उद्या कोनी तरी पिऊन जाईन!

मले दया आली बाप्पा.

*

मी मुकादमापाशी गोष्ट काढली. "घरचा पोट्टा असतानी बाहेर कायले पाहता?"

"कोन?"

"मारोती."

मुकादम एवढा हासला का त्याले ठसका लागला. "मारोती? अबे, त्याचं तोंड ताकानं बी वाकडं होते!" मंग जरासा थांबला. मानूस वाईट नव्हता. म्हने, "ठीक हाये. इतवारी घेऊन ये त्याले. सगळ्यायच्या समोर गिलास प्याचा. भुवई जरी हालली, तं विषय बंद. मंग ब्रम्हपुरीच्या एका दुकानदाराचं सांगून आलं हाये, त्याले मी हो म्हनून टाकतो."

मारोतीनं ऐकलं अन् मटकन पोत्यावर बसला. "भाऊ, मेलो मी."

मी त्याची तालीम घेतली. कडूनिंबाचा पाला खिलवला, त्याच्या डोळ्यातून पानी. कच्चं कारलं देल्लं, तं त्याचे कान हालले! मानसाले कान हालवता येते हे मले तवाच समजलं. शामराव म्हने, "मारोती, तू लगन सोड, सर्कशीत जाय."

पन मी डोमाजी! आवळ्याचे दिवस व्हते, जंगलातून बाया टोपलेच्या टोपले आनून राह्यल्या व्हत्या. मी एक आवळा त्याच्या तोंडात कोंबला. "चाव! चांगला चाव! आता पानी पे."

पेला. अन् डोळे मोठे झाले. "भाऊ! साखर टाकली काय?"

"साखर नाई, आवळा! जे पेशीन ते गोड लागन."

त्या दिवशी मारोती नळावरून हटलाच नाई. पानी पे अन् हास, पानी पे अन् हास!

*

इतवारी आमी गेलो. मारोतीच्या दोन्ही गालात एक एक आवळा. मुकादम म्हने, "गाल काऊन फुगले बे याचे?"

मी म्हनलं, "दाढ सुजली त्याची. तरी आला बिचारा!"

आत शिरता शिरता त्यानं दोन्ही आवळे चावले अन् बिया दाराशी थुकल्या. शेवंता गिलास घेऊन आली. ती एकसारखी मारोतीच्या तोंडाकडं पाहे. मुकादम त्याच्या भुवईकडं पाहे. शामरावनं तं श्वासच धरला.

मारोती पेला. एक घोट, दुसरा घोट, आख्खा गिलास. तोंड कसं? आत्ताच सारवलेल्या अंगनावानी! भुवई नाई, नाक नाई, कान बी नाई!

तेवढ्यावर थांबाचं का नाई? हा गधा म्हनते, "अजून एक भेटन का?"

मुकादमाच्या डोळ्याले पानी आलं. "आजवर कोनंच दुसरा मांगला नाई बे!" म्हनून त्यानं मारोतीले पोटाशी धरलं. शेवंता आत पळाली. मले वाटलं, लाजली.

फागुनात लगन झालं. पंगतीत शामराव वरडून म्हने, "मुकादमाले जावई नाई, पार्टनर भेटला!"

*

लगनानंतर मी त्यायच्या घरी गेलो. चहा प्यावा, आपली वाहवा ऐकावी, एवढंच मनात. मारोती खाटेवर बसून बशीत चहा ओतून पेत व्हता. तोंड कसं? फुललेलं! शेवंता बाहेर आली अन् माह्या हातावर दोन गोष्टी ठेवल्या. आवळ्याच्या बिया!

"काका, त्या दिवशी दाराशी भेटल्या. कोनाची अक्कल?"

मी मारोतीकडं पाहिलं. मारोतीच्या तोंडावर माहं नाव, मोठ्या अक्षरात!

मी म्हनलं, "अवं, पन कामी आली नं? बिना तोंड वाकडं करता गडी कोरफड पेला का नाई?"

"कोरफड?" शेवंता कमरेवर हात ठेवून उभी राह्यली. "काका, त्या गिलासात कोरफड व्हतीच कुठी? तांदळाची पेज व्हती! गार करून, जिरं टाकून. बाबाले समजू नये म्हनून वरून ताक टाकलं. मले वाटलं, मिलमधला मानूस हाये, एका घोटात पेज वळखन. वळखलं का समजन, मीबी ह्यायचीच वाट पाहून राह्यली. अन् यायच्या तोंडावर दिसनच!"

"मंग?"

"मंग काय! तुमचा आवळा! तोंडावर काईच नाई! वरून म्हनते, अजून एक भेटन का! आत जाऊन रडली मी, का ह्या मानसाले काईच कसं समजत नाई!"

मारोती बशीतून मान वर करून म्हने, "मले वाटलं, कोरफडच गोड लागून राह्यली. डोमाजी भाऊचा आवळा लय भारी!"

शेवंता आत गेली. मी म्हनलं, चला, चहा आनाले गेली. ती आली ते गिलास घेऊन. मोठा. उशिरा येनाऱ्याचा.

मी विचारलं, "पेज हाये नं?"

"नाई. असली. यायनं पेलीच नाई नं त्या दिवशी. यायच्या वाट्याचं कोनाले तं प्याच लागन."

अन् आवळ्याचे दिवस तं सरून गेले व्हते.

तवापासून त्या घरी मी बारशाले गेलो, घरभरनीले गेलो, पोरीच्या लगनाले गेलो. मारोती समोर बसून चहा पेते, अन् माह्या तोंडाकडं पाहून कोंबड्या उडतात. चहा मले त्या घरी आजवर भेटला नाई. लहानपनापासून मले काका म्हननारी ती पोट्टी, गिलास पुढं करते अन् म्हनते,

"घ्या, मामा!"