लेण्याद्री करून टेक्निकलला: दादाचा बिघडलेला जॉब

सोमवारी फॉर्मची शेवटची तारीख आणि दादा काही सही करेना. त्याच्या सायलीला दहावीनंतर राजुरीजवळच्या आमच्या टेक्निकल शाळेत फिटर ट्रेड घ्यायचा होता. दादाचं एकच पालुपद, "पोरीला कानस कशाला?" मी तिथूनच फिटर होऊन चाकणच्या कंपनीत जॉब, म्हणजे घडवलेले लोखंडी तुकडे, तपासते, आणि हे मलाच ऐकवतो! शेवटी म्हटलं, लेण्याद्रीला जाऊ, येताना टेक्निकल बघ, मग काय ते ठरव.

शनिवारी सकाळच्या एसटीनं कळंबला उतरले, पुढे दादाची गाडी. नारायणगावला मिसळ खाल्ली, ऐंशी रुपये प्लेट, तर्री मागाल तितकी. लेण्याद्रीला मात्र उन्हाच्या आत पोचा. तीनेकशे पायऱ्या जीव काढतात, आणि हातातली पिशवी माकडं सोडत नाहीत. गिरिजात्मजाचं दर्शन झालं तरी सायली लेण्यांतल्या खांबांपाशीच रेंगाळत होती.

"आत्या, छिन्नीनं एवढं सरळ?"

मला फार बरं वाटलं. दादा घाम पुसत होता.

ओतूरमार्गे राजुरी गाठायला दुपार झाली. दारातच मुलाणी सर भेटले. टेक्निकलचे हे पहिले शिक्षक, निवृत्त झाले तरी रोज येतात. आधी जुन्नरला त्यांचं पंप दुरुस्तीचं दुकान होतं.

"मोटार जळली की पुण्याला न्यायला लागायची," ते सायलीला सांगू लागले. "आठ-आठ दिस पीक वाळत व्हतं. मग गावानं कांद्याची चाळ रिकामी करून दिली. एक जुनं लेथ मशीन, लोखंड पकडायला चार व्हाइस. आपली मोटार आपल्या पोरांना उघडता आली पायजे, येवढंच ठरवलं व्हतं."

आता पक्की इमारत आहे, पण फिटरची पोरं अजून त्याच चाळीत शिकतात. कानस लोखंड कापते ती पुढे ढकलताना. आम्ही शेतातली पोरं ती खुरप्यासारखी अंगाकडं ओढतो, म्हणून प्रत्येकाचा पहिला जॉब बिघडतोच. सर तो भंगारात टाकू देत नाहीत. त्यावर नाव कोरून चाळीच्या भिंतीला टांगतात.

सायलीनं माझा वाकडा तुकडा शोधला आणि पोट धरून हसली. मग एकदम थांबली.

"पप्पा, हे तुमचं नाव?"

माझ्या आधी दादा इथं शिकायला आला होता. महिनाभरात सोडून गेला आणि 'तिथं काय शिकवत नाय' असं घरी सांगितलं. मी दोन वर्षं रोज तो तुकडा बघत होते, पण घरी कधी बोलले नाही.

दादाचा चेहरा पडला. "सर, मी तर सोडून गेलो व्हतो. काढून टाकायचं की."

"का काढू? जॉब बिघडला म्हणून आमी कुणाला हाकललं न्हाई. तू लाजून गेलास. तुझा दुसरा जॉब राहिलाय, येवढंच."

दादानं तुकडा हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरवला, परत खिळ्याला लावला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "पेन हाय का?"

घरी परतले ते ताठ मानेनं. कंपनीत रोज बिनचूक जॉब पास करते, पण त्या भिंतीएवढा अभिमान मला कशाचाच वाटत नाही.

सायलीचे वर्ग सुरू झाले आणि परवा दादाचं स्टेटस बघितलं. भिंतीवर दोन लोखंडी तुकडे, दोन्ही वाकडे. खाली लिहिलं होतं, 'आमच्या सायलीचा पहिला जॉब. बापाच्या शेजारी.'