रहमत मिस्त्रीची अकरा कलमं

दारव्ह्याच्या जीनमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, रहमत मिस्त्रीचा दरारा होता. कुणी यंत्र मागितलं की तो विचारायचा, "त्यानं काय काय केलं पाह्यजे ते आधी सांगा. कसं करायचं ते मागून पाहू." उत्तरं तो कलमवार लिहून काढी. कागदावर नाही ते लोखंडात येणार नाही, हा त्याचा शब्द.

एकसष्टच्या हंगामात एका बाईची दोन बोटं कापूस ओढणाऱ्या रुळात गेली. मॅनेजर डोमाजींनी रुळापुढे जाळी बसवायचं फर्मावलं. रहमतनं आठवडाभर खपून अकरा कलमं लिहिली. कापूस आत जावा, हात जाऊ नये. फटीचं माप त्यानं स्वतःच्या पंजावरून घेतलं. नागपूरच्या कारखान्यातून जाळी आली, कागदाबरहुकूम.

शनिवारी रूळ फिरवणारा पट्टा न चढवताच चाचणी ठेवली. पडद्यामागं घंटेची वाट पाहणाऱ्या नटांसारख्या बायका दाटीवाटीनं उभ्या राहिल्या. बंजारा तांड्यावरची बिजलीबाई पुढं झाली, कापूस ढकलला. पंजा बाहेरच अडला. पण मनगटावरून पुढं घसरलेल्या जाड पांढऱ्या बांगडीची कड फटीत शिरली, तिरपी झाली, तिथंच रुतली.

"मिस्त्रीभाऊ, तुह्या जाळीनं मासोळी धरली," बिजलीबाई म्हणाली. बायका हसल्या. तिनं हात ओढला, पुन्हा ओढला. हसणं विरलं.

रहमतची नजर वर लोंबणाऱ्या पट्ट्याकडं गेली. तो आज फिरत असता तर?

"बांगडी फोडू का?" त्यानं कसंबसं विचारलं.

"नवरा जिता हाये माहा. जाळी फोड."

छिन्नीनं त्यानं जाळीच तोडली.

डोमाजी कागद फडकवत आले. "अकराही कलमं पाळली हायेत. सोमवारी दुसरी जाळी लावून पट्टा चढवू. बायाईले बांगड्या काढाले सांग."

"कलमं बराबर हायेत, साहेब, म्हणूनच भेव वाटून राह्यलं," रहमत म्हणाला. "जिचा हात वाचवाचा, तिलेच मी पुसलं नाही."

कागदाच्या तळाशी त्यानं लिहिलं, 'ही जाळी चालणार नाही. चूक माझी.' खाली सही ठोकली. डोमाजींनी ती ओळ वाचली; आता पट्टा चढवला तर जबाबदारी त्यांच्यावर येणार होती. मग सोमवारचा पट्टा रद्द करून निघून गेले.

रहमत बिजलीबाईशेजारी कापसावर बसला. "दिवसभर हात कुठं कुठं जाते तुहा? दाखव."

"आता पुसतं व्हय?" ती म्हणाली, आणि दाखवू लागली. तो लिहीत राहिला. दुपारच्या भोंग्याला तेविसावं कलम चालू होतं.