सगळी बेटं एकदम कशी गप्प होतील?

माझी ताई बेटांचं गणित करते. कुठल्या बेटावर पक्ष्यांच्या किती जाती असाव्यात, हे ती एका संस्थेत खुर्चीवर बसून काढते. खोली एवढीशी, खिडकीतून दिसतात त्या लोकांनी लावलेल्या गाड्या, आणि बाई म्हणे समुद्राचं काम करतात! "मला समजेल असं सांग, नाहीतर राहू दे," असं मी एकदा म्हटलं, तेव्हा तिनं कॉम्प्युटरवर ठिपके दाखवले. एक ठिपका म्हणजे एक बेट. बेट मोठं तर जाती जास्त, किनाऱ्यापासून लांब तर कमी. ठिपक्यांमधून ती एक रेघ काढते आणि कुठलं बेट रेघ सोडून वागतंय ते बघते.

"म्हणजे आपल्या नातेवाइकांसारखंच की," मी म्हटलं. "लांब राहणाऱ्याकडे कोण जातंय!"

ती खूप हसली. पण स्वतः ती एकाही बेटावर गेली नव्हती. होडीत पाय ठेवला की तिला उलट्या सुरू.

जायचे ते दाजी, तिचा नवरा. ते त्याच संस्थेत पक्षी मोजायचे. पहाटे बेटावर डोळे मिटून उभं राहायचं आणि नुसत्या आवाजावरून जाती टिपायच्या. दाट पानांत पक्षी दिसतो कुठे? लग्नाआधी फेरीहून परतले की दाजी आमच्या फाटकाशी थांबून एका पक्ष्याची शीळ घालायचे. तीन सूर झटपट, जरा थांबून एक लांब. आवाज इतका बारीक की आम्ही त्या पक्ष्याला सुईच म्हणायचो. शीळ ऐकली की ताई हातातलं काम टाकून पळायची, आणि आई म्हणायची, "गेली बघा, आता भात करपणार."

पुढे काही वर्षांपासून ताईची रेघ खाली घसरायला लागली. एखादं बेट नाही, सगळीच. प्रत्येकावरून काही जाती नाहीशा. तिनं गणितात पाऊस घालून पाहिला, तोडलेली झाडं घातली, अंडी खाणारे उंदीर घातले. कशानंच उत्तर जुळेना. "उंदीर एका बेटावर शिरतील गं," ती वैतागून म्हणायची. "लहान-मोठी, जवळची-लांबची, सगळी बेटं एकदम कशी गप्प होतील?" संस्थेतल्या साहेबांनी मात्र पक्षी संपत चालल्याचा लेख लिहायलासुद्धा घेतला.

दाजी तर पार खचले. पायरीवर बसून राहायचे. "सुई गेली," मला म्हणाले. "एकदा, फक्त एकदा ऐकायला मिळाली असती तर!" शीळ घालणंही सोडलं त्यांनी. वर तक्रार, "तुझी ताई हल्ली नुसती पुटपुटते. तू बरी, खणखणीत बोलतेस." माझा आवाज भसाडा, मी बोलले की सारी गल्ली ऐकते. कुणीतरी कौतुक केलं म्हणून मी आपली फुगले.

मग दाजींना ताप आला. ताईनं त्यांच्या काखेत थर्मामीटर दिला आणि चहा घेऊन परत येते तोवर तो टीं टीं वाजायला लागला होता. वाजून वाजून थांबला. दाजी हात घट्ट दाबून बसलेलेच.

"अजून वाजला नाही," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ताईनं गणितात एक नवी गोष्ट घातली. प्रत्येक जातीचा आवाज किती बारीक, ती पट्टी. जाड आवाजाचे पक्षी सगळ्या बेटांवर जिथल्या तिथे होते. आवाज जितका बारीक, तितका तो पक्षी आधी नाहीसा झालेला. संध्याकाळी ती माझ्याकडे आली, माझ्या शिलाई मशीनवर डोकं टेकलं आणि हमसून हमसून रडली.

"अगं, कानाचं यंत्र मिळतं!" मी म्हटलं.

"सुईसाठी नाही पुरायचं ते. आणि मोजायचं काम जाईलच. त्यांची बेटं मी काढून घ्यायची का?"

"नको सांगूस मग."

"तर ते जन्मभर सुईसाठी झुरत बसतील."

मी मशीनवरचं कापड बाजूला केलं आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले.

पुढच्या फेरीला ताई हट्टानं होडीत चढली. सोबतीला मला ओढलं. वाटभर बादली तिच्या मांडीवर आणि तिचं डोकं माझ्या खांद्यावर. दाजींना काही कळेना. "अगं, कशाला हा उपद्व्याप?" ते म्हणत राहिले. बेटावर उतरलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. दाजी डोळे मिटून उभे राहिले.

आणि आम्हाला ऐकू आली. डोक्यावर, मागे, पलीकडच्या झाडात. तीन झटपट, एक लांब. माझ्या अंगावर काटाच आला. दाजी डोळे उघडून हळूच म्हणाले, "बघितलंस? कसं ओसाड झालंय."

ताईनं त्यांचा हात हातात घेतला आणि पक्षी बोलेल तसं तळहातावर बोटानं वाजवायला लागली. तीन टिचक्या, थांबून एक लांब ओढ. पुन्हा तीन. दाजी आधी हसले. मग हसू गेलं. ते तिच्या तोंडाकडे बघत राहिले.

"आत्ता?"

तिनं मान डोलावली.

"आहे?"

तिनं वर बोट दाखवलं, मागे दाखवलं, पलीकडे दाखवलं. दाजींनी डोळे पुसले. "आहे ना! मग बघत काय बसलीस, लिही की," म्हणून त्यांनी पेन्सिल तिच्या हातात कोंबली. ती लिहायला लागली. कागदावर त्यांच्या अक्षराखाली तिचं अक्षर उमटलं.

बराच वेळ ते तिच्या हलणाऱ्या हाताकडे पाहत होते.

"म्हणजे घरी," ते म्हणाले, "तू पुटपुटत नव्हतीस."

"नाही हो," ताई म्हणाली. मग त्यांना ऐकू गेलं नाही हे तिच्या लक्षात आलं, आणि तिनं पुन्हा त्यांचा हात हातात घेतला.