दहावा माणूस

आम्ही लोधिवली सोडली तो शिळा सण होता. राहेलताई, तुला आठवत असेल. आदल्या दिवशी दारफळणी, म्हणजे दिवसभर उपास, अंगावर पांढरे कपडे आणि दार लावून घरात प्रार्थना. दुसऱ्या दिवशी दारं सताड उघडी, आणि सगळ्या गावाची ये-जा. सॅम्युएलला बर्मा रेल्वेत कारकुनी लागली होती. आमच्या लग्नाला तीन महिनेही झाले नव्हते. तो म्हणत होता, सणाच्या आधीच निघू, बोट चुकेल. आबांनी साफ सांगितलं, "शिळ्या सनाला माणसं भेटायला येतात. माजी लेक त्यांना न भेटता जानार नाय."

मग आल्या सगळ्या. शेजारच्या कुणबी काकू आल्या, वरच्या वाडीतल्या ठाकरणी हातात पळसाच्या पानांचे भारे घेऊन उतरल्या. आईनं एकेकीला बसवून जेवायला वाढलं. कर्जतला नेणारी बैलगाडी दारात उभी होती. गाडीत चढताना आबा म्हणाले, "तिकडं कुनी इचारलं, कोन गं तू, तर आमी शनवारतेली हाय म्हनून सांग. घान्याचा वास येतो म्हनून कुनी नाक मुरडलं तर मुरडू दे." आईनं माझ्या पदरात वालाची पुरचुंडी बांधली, बिरड्याच्या सणासाठी.

कर्जतहून मुंबई, मुंबईहून मद्रास, तिथून बोटीनं रंगून आणि रंगूनहून परत आगगाडी. इरावदीच्या काठावरच्या या गावात रेल्वेनं आम्हाला क्वार्टर दिलं तेव्हा पाय सुजून गोळा झाले होते. लाकडी घर, खांबांवर उभं, खाली पाणी. पहिले कित्येक महिने इथल्या मासळीच्या खारवणाचा वास नाकातून जाईना. आता मीही इथल्या बायकांसारखी लोंजी नेसते, आणि बाजारात घासाघीस करते ती बर्मी भाषेत.

गावात आमच्यासारखेच यहुदी होते, बगदादकडचे आठ-दहा जण, सागवानाचे व्यापारी. त्यांच्यातल्या सर्वांत मोठ्या व्यापाऱ्याच्या माडीवर शनिवारी प्रार्थना व्हायची. पहिल्याच वर्षी त्याच्या बायकोनं मला जवळ बसवून चौकशी केली. तुमच्याकडे कोणकोणते सण? मी उत्साहानं सांगितलं, नव्याचा सण, खिरीचा सण, दारफळणी, बिरड्याचा सण, आणि होळीच्या सुमारास एस्तेर राणीचा, त्याला आम्ही होळीचाच सण म्हणतो. ती खोलीभर ऐकू जाईल अशी हसली. म्हणाली, ही तर हिंदूंची नावं. आपला यहुद्यांचा दिव्यांचा सण कुठाय तुमच्यात? तो आमच्या आजोबापणजोबांना ठाऊक नव्हता, हे खरंच होतं. पण शेकडो वर्षं, पोथी नाही, शिकवणारा नाही, अशा मुलखात ज्यांनी शनिवारी घाणा बंद ठेवला, त्यांना हसायचं काय होतं? मी तसं विचारलं. तिनं विषय बदलला. त्या माडीवर मला पुन्हा कोणी बोलावलं नाही.

माझी मैत्री जमली ती रोझाशी. ती आणि तिचा नवरा याकोव ओडेसाचे, रशियातले यहुदी. हार्बिन, शांघाय असे फिरत फिरत इथं येऊन टेकले होते. याकोव घड्याळं दुरुस्त करायचा, रोझा मडमांचे झगे शिवायची. आमचं बोलणं अर्धं इंग्रजी, अर्धं हिंदुस्थानी, उरलेलं हातवारे. मी होळीच्या सणाला पुरणपोळ्या करून नेल्या, तर तिनं त्याच दिवशी खसखस भरून तिकोनी करंज्या केलेल्या. "एस्तेर राणीच्या दिवशी आम्ही ह्या करतो," ती म्हणाली. आम्ही दोघी एकमेकींचं ताट बघत बसलो. सण एकच होता. नावाला ती हसली नाही.

तिनंच मला रशियाचे सण सांगितले. झारच्या नावाचा दिवस आला की प्रत्येक दारावर निशाण लावायचं, नाही लावलं तर पोलीस. नाताळात ख्रिस्ती शेजाऱ्यांच्या घरात दिव्यांनी सजवलेलं झाड दिसायचं, लहानपणी ती खिडकीतून बघत राहायची. आणि त्यांच्या वसंतातल्या मोठ्या सणाला, पास्काला, देवळांच्या घंटा वाजायला लागल्या की आई खिडक्यांच्या फळ्या लावून घ्यायची. मी म्हटलं, आम्हीही एक दिवस दार लावून घेतो. ती म्हणाली, "तुम्ही तुमच्या सणाला लावता, देवासाठी. आम्ही त्यांच्या सणाला लावायचो, माणसांसाठी." एका वर्षी यहुद्यांवर जमाव चालून आला आणि फळ्या पुरल्या नाहीत. याकोवचा भाऊ त्या दिवशी गेला. मग क्रांती झाली. एके दिवशी झोपलो आणि उठलो तर सरकारनं पंचांगातले तेरा दिवस काढून टाकलेले, ती सांगायची. झारचा दिवस गेला, पुढे देवळांचे सण गेले, आमचेही गेले. मे महिन्याच्या पहिल्या तारखेला लाल निशाणं घेऊन चालायचं, एवढं नवीन आलं.

मी तिला लोधिवलीचं सांगितलं. कुठल्याही सणाला आम्हाला फळ्या लावाव्या लागल्या नाहीत, हे तिला खरं वाटेना. दोनदा विचारलंन.

मागच्या वर्षी तुझं पत्र आलं. आबा गेले. खाली तू लिहिलं होतंस, "इथं चौक-खालापूर पालथं घातलं तरी आपली दहा माणसं जमत नाहीत. सगळे मुंबईला गेले. काद्दीश म्हणायचं राहिलं आहे. सॅम्युएलनं तिकडं म्हणावं."

मेलेल्या माणसासाठीची ती प्रार्थना, दहा पुरुष जमल्याशिवाय म्हणता येत नाही. सॅम्युएल त्याच शनिवारी माडीवर गेला. तिथं नऊ जण होते. तो दहावा. घरधनी म्हणाला, बसा, जरूर बसा, पण तुम्हा हिंदुस्थानी यहुद्यांना दहांत धरता येणार नाही. मग त्यानं नदीपलीकडे नोकर पाठवून त्यांच्यातला एक आजारी म्हातारा नावेत घालून आणवला. तोपर्यंत सगळे थांबले. सॅम्युएल मागच्या बाकावर बसून होता. घरी आला तेव्हा त्यानं टोपी खुंटीला न लावता हातातच धरली होती. "काद्दीश म्हटलं नाही," एवढंच बोलला.

मी रडले नाही, राहेलताई. मला इतका संताप आला की रडायला जागाच राहिली नाही. मी म्हटलं, "आपण आपल्या घरी करू." तो म्हणाला, माणसं कुठून आणणार? मी म्हटलं, रेल्वे कोणाची आहे? गार्ड, ड्रायव्हर, दवाखान्यातला कंपाउंडर, लाईनवर आपली माणसं विखुरलेली होती. सॅम्युएलनं स्टेशनास्टेशनाला निरोप धाडले. मी बोटं मोजत राहिले. दहा भरत होते.

रविवारी दुपारी सगळे जमले. मी पोहे, खोबरं, गूळ आणि फळं घालून मलिदा केला होता, आपल्याकडे एलियाहू नबीच्या नावानं करतात तसा. एक गार्ड येईना. चार वाजता तार आली, त्याची ड्युटी बदलली होती. खोलीत नऊ पुरुष, आणि कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

मी जिना उतरून घड्याळाच्या दुकानात गेले. याकोव त्याचा भाऊ गेल्यापासून कधी प्रार्थनेला बसला नव्हता, हे मला माहीत होतं. माडीवरच्यांनी त्याला किती वेळा बोलावलं, त्यानं नकार दिलेला. "देवाशी माझं बोलणं नाही," असं तो म्हणायचा. मी त्याला सगळं सांगितलं, माडी, नावेतून आणलेला म्हातारा, मागचं बाक. रोझा शिवणयंत्र थांबवून ऐकत होती.

त्यानं डोळ्यावरचं भिंग काढलं. "देवाशी बोलणार नाही," तो म्हणाला. "पण माणूस कमी पडत असेल तर मला मोजा."

तो आला, रोझाही आली. सॅम्युएलनं काद्दीश म्हटलं. आबांचं नाव त्यानं त्या इरावदीकाठच्या लाकडी घरात मोठ्यानं घेतलं, लोधिवली हे गावाचं नावही घेतलं. याकोव भिंतीला टेकून उभा होता. शेवटी "आमेन" म्हणताना त्याचा आवाज सगळ्यांच्या मागून आला.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी रविवारी आमच्याकडे माणसं जमायला लागली. पावसाळा संपता संपता माडीवरचे दोघे रंगूनला धंद्यासाठी गेले, तो म्हातारा वारला, आणि तिथं सात जण उरले. व्यापाऱ्याचा निरोप आला, सॅम्युएलनं शनिवारी यावं, या वेळी धरू, शिवाय तुमचे आणखी दोघे आणा. सॅम्युएल तयार होता. तो भला माणूस आहे. मी नोकराला सांगितलं, "ज्याला दहा हवेत त्यानं आमच्या घरी यावं. कोण कुठला, ते आम्ही विचारत नाही."

तीन आठवडे काही नाही. चौथ्या रविवारी व्यापारी स्वतः आला, काठी टेकत, जिना चढून. त्याच्या वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. आमच्या खोलीत बसायला चटया होत्या, तो चटईवर बसला. कोणीतरी पुटपुटलं, याला धरायचं का? सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बायकांना दहांत धरत नाहीत, कुठंच नाही, आपल्याकडेही नाही. पण त्या खोलीत माणसं मोजायची ती मीच. मी मोजलं, आणि त्याच्यापाशी आल्यावर थांबले नाही.

लोक विचारतात, परत कधी येणार. आई आहे तोवर एकदा नक्की येईन. पण गाव सोडलेल्या सगळ्यांना मला हे सांगायचं आहे, की घर मागे राहिलं म्हणून हळहळत बसू नका, आणि दुसऱ्याच्या दारात बाजूला उभं राहून जागा मागू नका. दोन चटया टाका, आपली माणसं बोलवा. माझं घर आता हेच, खांबांवरचं, खाली पाणी वाहणारं. इथं कोण आत यायचं ते मी ठरवते, आणि आजवर मी कोणाला परत पाठवलेलं नाही.