सलीमभाईंची परीक्षा

“माधवीताई, तुम्ही लावलेला नवा पिकअप काढला. जुनाच परत बसवलाय. आता ऐका.”

रोहनने गिटार ॲम्पला जोडली आणि एकच तार छेडली. सूर गोल, भरीव आला आणि बराच वेळ टिकला. याच टोनसाठी मी दोन आठवडे डोकं फोडत होते.

बर दुबईतल्या एका वाद्यांच्या दुकानात मी गिटार टेक्निशियन आहे. चौदा वर्षं झाली. रोहन आठवडाभर बँकेत असतो, वीकेंडला बँडमध्ये वाजवतो. त्याची इलेक्ट्रिक गिटार चिरकी वाजायची, म्हणून मी पिकअप बदलला होता. पिकअप म्हणजे तारांखाली बसवलेलं चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरच्या तारांची थरथर तो पकडतो आणि तिचा विजेचा सिग्नल करतो. नवा पिकअप महागातला होता. तरी चिरकेपणा गेला नव्हता.

“कोणी केलं हे?” मी विचारलं.

“सलीमभाईंनी. रत्नागिरीचे आहेत. तिकडे अबुधाबीजवळ मुसफ्फाला मोटर रिवाइंडिंगच्या वर्कशॉपमध्ये असतात. जुना पिकअप लावून फक्त थोडा खाली घेतला म्हणाले.”

पिकअप तारांच्या फार जवळ असला तर चुंबक तारांनाच ओढून धरतं. सूर टिकत नाही, कानाला टोचतो. हे मला माहीत होतं. नवीन लोकांना मीच शिकवते. पण रोहनला आवाज मोठा हवा होता, म्हणून मी नवा पिकअपही वरच ठेवला होता. मोटरींच्या तारा गुंडाळणाऱ्या माणसाला जे दिसलं, ते मला दिसलं नाही. त्या दिवशी मला डबा गेला नाही.

त्यात आमचे बॉस, थॉमस सर, शेजारीच उभे होते. ते केरळचे, आमच्याशी हिंदीत बोलतात.

“हमको सेकंड टेक्निशियन चाहिए ना? उसको बुलाओ. टेस्ट तुम लो.”

शनिवारी सकाळी सलीमभाई आले. पन्नाशीचे, कडक इस्त्रीचा शर्ट, हातात स्वतःच्या टूल्सची बॅग. “ताई, रोहनच्या गिटारमधलं तुमचं सोल्डरिंग पाहिलं. फार स्वच्छ काम,” म्हणाले. मला ते कौतुकही बोचलं.

ते येण्याआधी मी एक उद्योग करून ठेवला होता. दुकानातल्या एका चांगल्या गिटारची ग्राउंड वायर कटरने कापली होती. ही वायर म्हणजे गिटारच्या तारांचं अर्थिंग. ती तुटली की ॲम्पमधून सतत घूं असा आवाज येतो.

“पिकअप गेलाय बहुतेक,” मी त्यांना सांगितलं. “रिवाइंड करावा लागेल. तुमचंच काम.”

ते पिकअप उघडत बसतील, सरांसमोर तास घालवतील, असा माझा हिशेब.

सलीमभाईंनी गिटार जोडली. तारांवर तळहात ठेवला. आवाज कमी झाला नाही; अर्थिंग शाबूत असतं तर झाला असता. त्यांनी पिकअपला हातही लावला नाही. गिटारच्या मागचं झाकण उघडलं आणि टॉर्च मारला. मग मराठीत, हळू आवाजात म्हणाले, “जुनं तुटलेलं टोक काळवंडतं, ताई. हे चकचकीत आहे. आजच कापलंय.”

“क्या बोला?” सरांनी विचारलं.

“ग्राउंड वायर निकल गया था, सर. होता है कभी कभी.”

दोन मिनिटांत त्यांनी वायर जोडली. सर खूश. “यल्ला, चलो, कब जॉइन करोगे?”

“माफ करना सर. मैं मुसफ्फा में ही ठीक हूँ.” बॅग उचलून ते निघून गेले.

खरं सांगते, मला आधी हायसं वाटलं. लाज वाटायला संध्याकाळ व्हावी लागली.

पुढच्या शनिवारी मी गाडी काढून मुसफ्फाला गेले. सलीमभाई एका पंपाच्या मोटरीची तार गुंडाळत होते.

“वायर मी कापली होती,” मी म्हणाले.

“माहितीये.”

“मग सरांना का नाही सांगितलंत?”

“तुमची नोकरी गेली असती. मला तर नोकरी आहे.” त्यांचा हात थांबला नाही.

“आणि आमच्याकडे यायला नाही का म्हणालात?”

“शेजारी बसून काम करायचं, ताई. रोज आपलंच काम दोनदा तपासत बसू का?”

परत येऊन मी थॉमस सरांना सगळं सांगितलं. मला लेखी वॉर्निंग मिळाली. सरांनी सलीमभाईंना पुन्हा फोन केला. ते आले नाहीत. रोहन आता गिटार घेऊन थेट मुसफ्फाला जातो, आणि आमचे बिघडलेले पिकअपही आम्ही त्यांच्याकडेच पाठवतो. दर वेळी काम उत्तम होऊन येतं आणि दर वेळी माझा थोडा जळफळाट होतो.

दुसऱ्याने आपल्यापेक्षा चांगला टोन काढला, तर त्याला सरळ विचारावं, कसा काढला. तेवढं विचारलं असतं, तर माझ्या शेजारचं टेबल आज रिकामं नसतं.